दादांचा साफ केलेला फोटो

आमच्या यांचा फोटो स्टुडिओ आहे. बाजाराकडे वळताना आधी चावीवाला लागतो, मग आमचं दुकान, मग चष्म्याचं. बाहेरच्या काचेत जी माणसं टांगली आहेत ती बघून परक्या माणसाला वाटावं, या गावात कुणाला मुरूम येत नाहीत, कुणाचे दात पुढे नाहीत आणि म्हातारपण तर कुणाला ठाऊकच नाही. ही सगळी यांच्या हाताची करामत. आमचं लग्न झालं तेव्हा जोडीच्या फोटोत यांनी माझं नाक बारीक केलं होतं. पहिलं भांडण त्या नाकावरून झालं. मी म्हटलं, सरळ नाकाची हवी होती तर तशी बघायची होती, मला कशाला आणलंत. हे म्हणाले, अगं, मुद्दाम नाही केलं, हात आपोआप जातो.

ते मात्र खरं होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे शिकले. तेव्हा काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड सोडायचा आणि टोकदार पेन्सिलीनं एकेक सुरकुती बुजवायची. तो म्हातारा म्हणायचा, गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा विकत नको असतो, तो त्याच्याकडे फुकटच असतो. यांनी ते जन्मभर पाळलं. पुढे पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला, पण हात तोच. गेलेल्या माणसाचा घरात एकच फोटो असायचा आणि त्यात नेमके डोळे मिटलेले असायचे. घरची माणसं तो घेऊन यायची आणि हे डोळे उघडून द्यायचे. असे उघडायचे की बायका काउंटरवरच रडायला लागायच्या. मी मागून चहा पाठवायची.

यांचे थोरले भाऊ आमच्याकडेच असायचे. घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे, म्हणून मीही दादाच म्हणायला लागले. ऐन तारुण्यात रंगाच्या कारखान्यात कामाला होते. तिथे वाफेचा पाइप फुटला आणि चेहऱ्याची डावी बाजू भाजली. गालाची कातडी ओढली गेली, ओठाचा कोपरा वर चढला, पापणी अर्धी मिटली ती मिटलीच. पडताना डोकं आपटलं म्हणून फिटा येऊ लागल्या. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली की काही नाही, चुकली की आडवे. बोलणंही जड झालेलं. घाबरले की शब्द सापडायचा नाही, नुसता ओठ हलायचा. लग्न झालं नाही. कोण देणार होतं मुलगी?

मी या घरात आले तेव्हापासून त्यांचं ताट वाढणं, कपडे, गोळ्या, सगळं माझ्याकडे. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. कधी वैतागून मी काही बोलले तर दादा ताट घेऊन स्वतः धुवायला लागायचे आणि म्हणायचे, "ओरड, ओरड. तेवढीच घरात हवा खेळती राहते." मग कसलं ओरडणं आणि कसलं काय.

दुकानात त्यांची कामं ठरलेली. झाडू मारायचा, छत्रीचा दिवा उभा करायचा, गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करायची. "हनुवटी खाली" एवढं मात्र ते स्वच्छ म्हणायचे. आणि गिऱ्हाईक बसायच्या आधी उजेड नीट पडतोय का ते बघायला स्टुलावर बसायचे तेच. हे दिवा लावायचे, दादांचा एक फोटो काढायचे, उजेड बघायचे आणि फोटो पुसून टाकायचे. रोज हेच. म्हणजे या गावात सगळ्यात जास्त फोटो कुणाचे निघाले असतील तर दादांचे, आणि घरात त्यांचा एक फोटो नाही. लहान पोरं त्यांच्याकडे टक लावून बघायची. दादा म्हणायचे, "बाळा, घाबरू नको. माझा एक डोळा सारखा फोटो काढतोय." मोठी माणसं हसायची, पोर रडायचंच. मग दादा आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसायचे. त्यांना जा म्हणावं लागलं नाही कधी, हेच जास्त लागायचं मला.

मोठे केलेले फोटो खाकी कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवणं हेही त्यांचंच काम होतं. नेहमीची बस, नेहमीचा थांबा, नेहमीची घरं. कडाक्याची थंडी होती. त्या दिवशी रस्ता खणून ठेवला होता आणि थांबा पलीकडच्या गल्लीत नेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. दादा भलत्याच बसमध्ये चढले असणार. दुपारी जेवायला आले नाहीत. गिऱ्हाइकाकडे फोन केला तर फोटोही पोचला नव्हता. संध्याकाळची गोळी आरशाजवळच्या डबीत तशीच राहिली. ती डबी मी हातात घेतली. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की गोळ्या सलग चुकल्या तर फिटा एकामागून एक येतील, आणि तेव्हा जवळ जाणतं कुणी नसेल तर माणूस हाती लागणार नाही.

पोलिसांना सांगितलं, दवाखाने पालथे घातले, बसच्या ड्रायव्हरांना विचारलं. कुणाच्या लक्षात नव्हतं. लक्षात कसं असेल? दादांच्या चेहऱ्याकडे बघून लोक नजर फिरवतात, आणि फिरवलेल्या नजरेला काय दिसणार!

आमची लेक ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीत आहे. कुठल्या फोटोवर लोक थांबतात आणि कुठल्या फोटोवर नाही, हेच बघण्याचा तिला पगार मिळतो. ती धावत आली. म्हणाली, "बाबा, काकांचा फोटो द्या, मोबाइलवरून सगळीकडे पाठवू." आणि फोटोवाल्याच्या घरात फोटो सापडेना. शेवटी कॅमेऱ्यात एक निघाला. ज्या दिवशी गेले त्याच सकाळचा, उजेड बघायला काढलेला, पुसायचा राहून गेलेला. तोच स्वेटर, कॉलर एका बाजूला दुमडलेली, नजर दिव्याकडे, डावा डोळा अर्धा मिटलेला, ओठ ओढलेला. दादा अगदी जसेच्या तसे. मी म्हटलं, हाच टाका, यापेक्षा चांगला फोटो मिळणार नाही.

टाकला. आमच्या नात्यातल्यांनी तो पुढे पाठवला आणि फोटो तिथेच थांबला. एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, सकाळी सकाळी असले फोटो कशाला टाकता, घरात लहान मुलं बघतात. दुसऱ्या एका ग्रुपवाल्यानं काढूनच टाकला. म्हणे, बघून त्रास होतो. त्याच दिवशी, त्याच ग्रुपवर कुणाचा तरी पोपट हरवला होता. लाल चोच, मान वाकडी करून बघतोय. त्या पोपटासाठी माणसं हळहळत होती, गच्च्या शोधत होती, एक बाई तर लिहीत होती की मला झोप लागत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोपट संध्याकाळी सापडला. मी लेकीला म्हटलं, "तुझ्या काकांना चोच असती तर बरं झालं असतं."

ती चिडली नाही. म्हणाली, "आई, लोक वाईट नसतात गं. ते बघतच नाहीत. अंगठा सारखा चालू असतो. फोटो समोर आला की थांबायचं की पुढे जायचं, हे माणसाला कळायच्या आत ठरून जातं. चेहरा जवळ हवा. दोन्ही डोळे आपल्याकडे बघणारे हवेत. बघून आपल्यालाच बरं वाटलं पाहिजे, तरच माणूस तो दुसऱ्याला दाखवतो. चेहऱ्यानं त्रास झाला की अंगठा आपोआप सरकतो. आणि सुरुवातीची माणसं थांबली नाहीत तर पुढच्यांना तो फोटो दाखवतच नाहीत, खाली गाडून टाकतात. आमच्याकडे मॉडेलनं नजर जरा बाजूला केली तरी तो शर्ट पडून राहतो."

"माणूस म्हणजे शर्ट आहे का?" मी म्हटलं.

"तिथे सगळं सारखंच असतं," ती म्हणाली. "काकांचा दुसरा एखादा फोटो नाही का? आधीचा?"

आधीचा नव्हता. हे मघापासून ऐकत होते. उठले, दुकानात गेले, शटर अर्धं ओढून घेतलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले. मी मागोमाग गेले. उजवा डोळा उचलून, उलटा करून यांनी डावीकडे बसवला. गालावरची ओढलेली कातडी घासून घासून साफ केली. ओठाचा वर चढलेला कोपरा खाली आणला, मग दोन्ही कोपरे मिळून जरासे हसरे केले. दिव्याकडची नजर वळवून आपल्याकडे आणली. कॉलर सरळ केली. मागच्या भिंतीवर ऊन पडल्यासारखा उजेड दिला. हात थांबत नव्हता. या माणसाला मी इतकी वर्षं काम करताना बघितलं आहे, पण अशी तंद्री लागलेली कधी बघितली नव्हती.

"हे दादा नव्हेत," मी म्हटलं.

"दादाच आहे," हे म्हणाले. "तो पाइप फुटला नसता तर असाच असता. तू बघितलंच नाहीस त्याला आधी."

खरंच नव्हतं बघितलं. पडद्यावरचा तो माणूस माझ्याकडे बघत होता, शांत, मायाळू, एखाद्या शाळेचा हेडमास्तर असावा असा. खोटं कशाला बोलू, मला त्याची ओढ वाटली. माझ्या हातचं इतकी वर्षं जेवलेला माणूस तो नव्हता, आणि तरी वाटलं, हा असता तर किती बरं झालं असतं. मग त्या वाटण्याचाच मला संताप आला.

"लोक शोधायला निघतील ते याला," मी म्हटलं. "आपले दादा पुढ्यात येऊन बसले तरी ओळखायचे नाहीत."

"आधी बघू तर देत. बघितलंच नाही तर ओळखणार कसे?"

पोपटाचं उदाहरण ताजं होतं. लेकीनं फोटो बघितला आणि जरा थबकली. "बाबा, डोळा..." एवढंच म्हणाली. हे म्हणाले, तू खाली लिही की डाव्या गालावर भाजल्याची खूण आहे, डोळा अधू आहे. तिनं लिहिलं. यांनी फोटोतच खालच्या कडेला आमचा फोन नंबर छापला आणि फोटो सोडला.

काय सांगू! वणवा पेटावा तसा तो फोटो पसरला. ज्यांनी आधीचा फोटो काढून टाकला होता त्याच ग्रुपवाल्यांनी हा सगळ्यात वर ठेवला. ओळखी ना पाळखी अशी माणसं लिहायला लागली. कुणी म्हणे, किती सात्त्विक चेहरा. कुणी म्हणे, डोळ्यांत काय माया आहे, कुणाचे तरी वडील असतील हो. कुणी म्हणे, अशा देवमाणसाला घराबाहेर जावं लागलं म्हणजे घरचेच नीट नसणार. ते घरचे म्हणजे मी. पुढे पाठवताना लोकांनी लेकीनं लिहिलेलं सगळं गाळलं. भाजल्याची खूण गेली, अधू डोळा गेला. राहिला नुसता फोटो, त्याखालचा नंबर, आणि वर ज्यानं त्यानं लावलेली रडणारी तोंडं नि जोडलेले हात. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं म्हणतात. इथे जग फसायला एका पायावर तयार होतं.

फोन सुरू झाले. तुमचा माणूस बागेत दिसला. तुमचा माणूस बँकेच्या रांगेत होता. हे प्रत्येक ठिकाणी धावत जायचे. सगळीकडे कुणीतरी नीटनेटका, हसऱ्या चेहऱ्याचा म्हातारा निघायचा आणि वर यांच्यावरच उखडायचा. एकाला तर लोकांनी बसमधून उतरवून बसवून ठेवलं होतं. तो निवृत्त दंतवैद्य निघाला. हे हात जोडून परत आले. मी विचारलं, "आता तरी खरा फोटो टाकता का? निदान दोन्ही शेजारी शेजारी टाका." हे म्हणाले, "दोन्ही टाकले की खरा चेहरा दिसतो आणि लोक पुढे सरकतात. आत्ता कुठे बघायला लागलेत, आत्ता नको." आशा मोठी वाईट. मी हट्टानं खऱ्या फोटोच्या प्रती काढल्या आणि आमच्या गावात भिंतीभिंतीवर, थांब्यांवर स्वतः खळ लावून चिकटवल्या. पण दादा आमच्या गावात नव्हतेच.

रात्री जेवायला बसलं की यांचा हात फोनवर. फोटो किती लांब गेला ते बघायचे. जिथली भाषा आम्हाला वाचता येत नाही तिथपर्यंत गेला होता. "बघ, कुठे कुठे शोधतायत दादाला," म्हणायचे. आणि मी त्या गोळ्यांच्या डबीकडे बघायची. एकीकडे फोटो पळत होता आणि दुसरीकडे दिवस जात होते, आणि कुणाला कुणाची फिकीर नव्हती.

मग एका सकाळी फोन आला. माणसाचा आवाज अवघडलेला. म्हणाला, "मी बसस्टॅन्डवर चहा विकतो. तुमच्या स्टुडिओचं एक पार्सल आहे माझ्याकडे. ज्यांच्याजवळ होतं, ते गृहस्थ पहाटे गेले."

गाव बसनं दोन-तीन तासांवरचं. आधी दवाखान्यात गेलो, दादांना तिथे ठेवलं होतं. दादाच होते. तोच स्वेटर, कॉलर दुमडलेली. तिथल्या माणसानं विचारलं, ओळख पटते का. यांनी वाकून कॉलर सरळ केली, आणि मग "हो" म्हणाले. डॉक्टर म्हणाले, फिटा आल्या, एकीतून बाहेर पडायच्या आत दुसरी. उघड्यावर, थंडीत. गोळी असती तर काही झालं नसतं. हे मला सांगायची गरज नव्हती.

मग चहावाल्याकडे गेलो. स्टॅन्डच्या एका कोपऱ्यात गाडी, शेजारी सिमेंटचं बाकडं. आमच्याच वयाचा माणूस. आम्हाला बघून स्टोव्ह बंद केला आणि पुढे आला. खाकी कागदाचं पार्सल त्यानं फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

"इथेच बसायचे," तो म्हणाला. "बस येईल, बस येईल, एवढंच म्हणायचे. पहिल्यांदा मला वाटलं, भिकारी. पण हात पसरला नाही कधी. सकाळी उठून गाडीपुढची जागा झाडायचे, मग मी चहा-बिस्किट द्यायचो. गिऱ्हाईक आलं की त्याची कॉलर सरळ करायचे. लोक हसायचे. एक-दोघांनी ढकललंही. पार्सलला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, गिऱ्हाइकाचं आहे. नाव विचारलं, गाव विचारलं, नुसता ओठ हलायचा. मी चौकीवर सांगितलंही, पण ते म्हणाले, असे पुष्कळ असतात."

"मग आम्हाला फोन का नाही केलात हो?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच. "सगळ्या दुनियेत नंबर फिरत होता."

त्यानं मान खाली घातली. खिशातून फोन काढला आणि पुढे केला. त्यावर तोच फोटो, शांत, हसरा, दोन्ही डोळे उघडे.

"हा माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे," तो म्हणाला. "मी स्वतः सगळ्यांना पाठवला. हा चेहरा बघून जीव कळवळला हो माझा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, असे कुणी दिसले तर सांगा म्हणून. आज पार्सल उघडलं, मागे दुकानाचा शिक्का होता, त्यावरचा नंबर लावायला गेलो तर तो माझ्या फोनमध्ये आधीच होता. या फोटोखाली."

हे बाकड्याचा काठ धरून उभे होते. मला वाटलं, आता पुरे, आता इथून निघावं. पण तो माणूस सांगायचा थांबेना. त्यालाही कुठेतरी ओकून टाकायचं होतं.

"त्यांनाही दाखवला होता," तो म्हणाला.

"कुणाला?" यांनी विचारलं.

"त्यांनाच. दिवसभर इथेच बसायचे ना, म्हणून म्हटलं, आजोबा, या चेहऱ्याचा माणूस इथे उतरताना दिसला तर मला हाक मारा. त्यांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघत बसले. आणि म्हणाले, हा माझा भाऊ आहे. मी म्हटलं, कोण? तर पुन्हा म्हणाले, माझा भाऊ. फोटो काढतो." चहावाल्यानं हातातल्या फोनकडे बघितलं. "मी हसलो हो. म्हटलं, तुमचा भाऊ? हा? त्यांनी फोन परत दिला. नंतर कधी म्हटलं नाही त्यांनी तसं."

मी यांच्याकडे बघितलं. मग त्या फोटोकडे बघितलं. आणि इतके दिवस सगळ्या जगाला जे दिसलं नाही, मला दिसलं नाही, आमच्या लेकीला दिसलं नाही, ते दिसलं. दोन्ही डोळे उघडले, ओठ सरळ केला, गाल साफ केला की दादा हुबेहूब यांच्यासारखे दिसत होते. फक्त दादांनाच ते कळलं. ते म्हणाले होते, अगदी स्वच्छ म्हणाले होते. कुणी ऐकलं नाही, कारण फोटोतल्या चेहऱ्याचा माणूस या भाजलेल्या चेहऱ्याचा भाऊ असेल, हे कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. आणि ते ज्यानं अशक्य केलं तो माणूस आता त्या बाकड्यावर बसून लहान पोरासारखा रडत होता. मला त्याला मारावंसंही वाटलं आणि पदरात घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही. त्याच्या शेजारी बसले.

सगळं उरकून घरी आलो. लेकीनं तो फोटो काढून टाकला, पण काढून टाकून काय होणार? एकदा सुटलेला फोटो परत येत नाही. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये तो आहे. माणसं अजून कळवळतात, अजून पुढे पाठवतात, हात जोडतात. दादांना जाऊन आता वर्ष उलटलं तरी फोन येतात. मी सांगते, सापडले ते, आभारी आहे, आता पुढे पाठवू नका. त्यांना बरं वाटतं. म्हणतात, देव पावला.

परवा मी दुकानात होते तेव्हा असाच फोन वाजला. यांनीच उचलला. कुठल्या तरी लांबच्या गावची बाई होती, आवाज इतका मोठा की मला शेजारी ऐकू येत होतं. म्हणाली, "अहो, तुमचा माणूस सापडला. आमच्या घरासमोरच्या बागेत बाकावर बसलेत. शंभर टक्के तेच. फोटो हातात धरून बघतेय मी."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. यांनी दिला नाही.

"डोळे कसे आहेत त्यांचे?" यांनी विचारलं. "दोन्ही उघडे आहेत?"

"हो, अगदी फोटोतल्यासारखे."

"गाल? डावा गाल नीट आहे?"

"सगळं नीट आहे हो. मघाशी एका पोरानं त्यांच्याकडे चेंडू टाकला, तर हसले त्याच्याकडे बघून. पोरगं त्यांच्या मांडीवर चढून बसलंय. तुम्ही येताय ना न्यायला? मी थांबवून ठेवू का?"

"नको," हे म्हणाले. "थांबवू नका. उठवूही नका. बसू दे त्याला तिथेच."